डॉल्फिनसोबत पोहण्याचं तिकीट काढण्याआधी

परदेशी सहलीच्या यादीत ‘डॉल्फिनसोबत पोहा’ दिसलं, तर आधी आयोजकाला विचारा: हे डॉल्फिन समुद्रातून पकडलेले आहेत की तलावातच जन्मलेले? उत्तर गोलमोल आलं तर पैसे भरू नका. जपानमध्ये ताइजी या गावी डॉल्फिनचे कळप खाडीत कोंडून त्यातले काही अशाच तलावांसाठी विकले जातात. तलावात जन्मलेल्यालाही मोकळं पोहणं, खोल बुडी मारणं कुठून मिळणार? चेहऱ्यावरच्या हसण्याला भुलू नका; ती जबड्याची ठेवण आहे, आजारी डॉल्फिनही तसाच दिसतो. भारताने २०१३ साली डॉल्फिनेरियमना, म्हणजे डॉल्फिन ठेवून खेळ दाखवणाऱ्या तलावांना, परवानगी नाकारली, हे फार चांगलं झालं.

पाहायचेच असतील तर दापोली, तारकर्लीला सकाळी होडीने जा. निघण्याआधीच होडीवाल्याला सांगा: पाठलाग नको, ५० मीटरच्या आत जायचं नाही, कळपासमोर होडी आडवी घालायची नाही. सोबत पिल्लू दिसलं तर लगेच मागे फिरा.