बापाच्या सहीवाचून दत्तक?

प्रश्न : वकीलताई, माझी मुलगी नऊ वर्षांची. ती दोन वर्षांची असताना तिचे वडील आखातात नोकरीला जातो म्हणून गेले ते गेलेच. एकतर्फी घटस्फोट झाला, मुलीचा ताबा माझ्याकडे आहे. आता माझं दुसरं लग्न झालंय. मिस्टर ट्रॉलरवर तांडेल आहेत, त्यांना मुलीला दत्तक घ्यायचंय. जुन्या सासूबाई फोनवर एवढंच म्हणतात, ‘तो खंय आसा, आमका म्हायत नाय.’ एक जण स्टॅम्पपेपरवर ‘वडील बेपत्ता’ असं प्रतिज्ञापत्र घालून दत्तकपत्र करून देतो म्हणतो. करू का?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : अजिबात करू नका. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार आई मूल दत्तक देऊ शकते, पण बापाच्या संमतीने. तो हयात असेल तर सूट तीनच ठिकाणी : त्याने संन्यास घेतला, हिंदू धर्म सोडला किंवा कोर्टाने त्याला मनोविकल ठरवलं तर. पोरीला टाकून जाणं यात बसत नाही. मला हे जुनाट वाटतं, पण कायदा आज असा आहे. आणि तो डावलून केलेलं दत्तक मुळातच रद्दबातल ठरतं, दत्तकपत्र नोंदवलं तरीही. बाप परत येईल न येईल. वाटणीच्या वेळी तुमच्या मिस्टरांची भावकी मात्र नक्की बोट ठेवेल.

दुसरा रस्ता २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा. त्यात सावत्र पालकासाठी वेगळी सोय आहे. अर्ज ‘कारा’च्या (केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या) पोर्टलवर करायचा, मदतीला ओरोसचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष, आणि सप्टेंबर २०२२ पासून आदेश जिल्हाधिकारी देतात. पण जन्मदात्याच्या संमतीचा कागद तिथेही मागतात.

तुमच्या पत्रातली खरी कामाची गोष्ट आहे ती सात वर्षं. ज्यांना एरवी खबर असायला हवी अशा कुणालाच सात वर्षं माणसाचा ठावठिकाणा नसेल, तर कोर्ट तो मृत असल्याचं गृहीत धरू शकतं. दिवाणी दावा लावून तसं जाहीर करून घेता येतं, मग संमती मागायची कुणाची? मात्र सासूबाईंच्या ‘म्हायत नाय’वर विसंबू नका. चतुर्थीला लेकाचा फोन येत असेल तर दावा तिथेच बसला. त्याचा शेवटचा पत्ता आणि सासरचं घर, दोन्हीकडे वकिलामार्फत स्पीड पोस्टाने पोचपावतीसह नोटीस धाडा. पाकीट ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारून परत आलं तर फोडू नका. पोस्टाचा शिक्का आणि शेरा दिसेल असं बंदच वकिलाकडे द्या. दावा लागल्यावर कोर्ट वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्यायला लावतं. आणि तो सापडलाच, तर सरळ सही मागा. पोटगी चुकवणारे कित्येक जण अशी सही खुशीने देतात!

शाळेत आडनावावरून अडत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा २८ जुलै २०२२ चा निकाल वकिलाला दाखवा. पुनर्विवाह केलेल्या आईला मुलाचं आडनाव ठरवता येतं, असं त्यात म्हटलंय. त्या प्रकरणात वडील वारले होते, एवढा फरक ध्यानात ठेवा.

आणखी एक. जुन्या सासरी सामायिक कलमांची बाग आहे का? दत्तक झाल्यावर मुलीचं जन्मघराण्याशी नातं तुटतं. तिच्या नावे आधीच आलेलं तिचंच राहतं, पण सामायिकातला हिस्सा ‘आलेला’ धरायचा का, यावर उच्च न्यायालयांचं एकमत नाही. तेव्हा अर्जाआधी त्या बागेचा सातबारा काढून वकिलापुढे ठेवा.