वाचकांचे प्रश्न: रूळ डोंगरावर का चढतात?

प्रश्न: ट्रेन सिम्युलेटरसाठी घाटातला रूट बनवतोय. एसआरटीएमचा (अवकाशातून रडारने मोजलेला) जमिनीच्या उंचीचा डेटा टाकला, डोंगर झकास आले, पण त्यावर रूळ टाकले की गाडी होडीसारखी हेलकावते आणि बोगद्याच्या जागी रूळ सरळ डोंगर चढतात. यापेक्षा बारीक डेटा शोधू का?

उत्तर: नका शोधू, त्याने हे दुखणं जायचं नाही. रूळ जमिनीला चिकटवताय ना, सगळा घोळ तिथे आहे. एसआरटीएमची मोजणी 2000 च्या फेब्रुवारीत एंडेव्हर अवकाशयानातल्या रडारने झाली, त्यात साधारण दर 30 मीटरला एक उंची मिळते, तीपण पूर्ण मीटरमध्ये. आता 100 ला 1 चा चढ घ्या, म्हणजे 100 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. 30 मीटरमध्ये रूळ चढणार जेमतेम 30 सेंटीमीटर, पण डेटात तीन-चार बिंदू सपाट आणि मग एकदम एक मीटरची पायरी, म्हणजे तेवढ्याच तुकड्यात 30 ला 1 चा चढ झाला! मालगाडी तिथेच मान टाकेल.

त्यामुळे काम उलट्या बाजूने करा. ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशावरून लाइन घ्या, स्टेशनांच्या उंच्या पकडा आणि मधला चढ स्वतः काढा. समजा 12 किलोमीटरमध्ये 96 मीटर चढायचंय, तर 125 ला 1 आला, स्टेशनच्या आवारात लाइन जवळपास सपाट ठेवतात म्हणून मधे थोडा जास्त धरायचा. त्या चढाने रूळ आधी टाकून घ्या आणि मग जमीन रुळांपाशी आणा, खाली राहिली तिथे भराव, वर आली तिथे कटिंग. कटिंग हातानेच करावं लागतं, दहा-पंधरा मीटर रुंदीची चर 30 मीटरच्या जाळीत धड दिसतच नाही.

आणि डेटाचा खरा उपयोग इथे होतो बघा. रूळ जमिनीच्या वीसेक मीटर खाली गेले तर तिथे बहुतेक बोगदा असणार, तेवढेच वर राहिले तर पूल. सॅटेलाइट फोटोत तिथे दोन्हीपैकी काहीच नसेल तर तुमचा चढ कुठेतरी गंडलाय, पुन्हा मोजा. बोगद्याचं म्हणाल तर रडारला डोंगराचा माथाच दिसतो, आतलं भोक नाही, त्यामुळे तोंडापाशीचा जमिनीचा तुकडा एडिटरमध्ये लपवायचा.

प्रश्न: जंगलातून लाइन जाते तिथे दोन्ही बाजूंची जमीन उगाच उंच दिसते, असं का?

उत्तर: ती जमीन नाहीच, झाडांचे शेंडे आहेत, निदान शेंड्यांच्या आसपासची उंची. त्यावर तुम्ही परत झाडं लावली की जंगल दुप्पट! फॅबडेम म्हणून डेटा आहे, कोपर्निकस या युरोपच्या उपग्रह प्रकल्पाच्या 30 मीटरच्या उंचीच्या डेटातून झाडं आणि इमारती वजा करून बनवलेला, जंगलाच्या पट्ट्यात तो वापरून बघा. मात्र रूट विकायचा विचार असेल तर आधी त्याचं लायसन्स वाचा.