पटाशीला धार लावताना आधी पाठ बघ

बोहरी आळीतून नवी पटाशी आणलीस, छान केलंस. पण नवी पटाशी म्हणजे धारदार पटाशी नव्हे. आणि तिला ग्राइंडरवर मुळीच नेऊ नकोस. माझी पहिली पटाशी मी रस्त्यावरच्या धारवाल्याकडे दिली होती. टोक निळं पडून परत आली. निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, मग कितीही घासलं तरी धार टिकत नाही.

सुरुवात पाठीपासून, म्हणजे पात्याच्या सपाट बाजूपासून कर. सपाट काचेवर पॉलिशपेपर ओला करून चिकटव आणि पाठीचा टोकाकडचा बोटभर भाग घास, त्यात ट्यूबलाइट स्वच्छ दिसेपर्यंत. कंटाळवाणं आहे, पण हे एकदाच करायचं असतं आणि अर्धी धार इथेच असते.

मग ढाळ, म्हणजे टोकाची तिरकी बाजू. त्याची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट ठेवलीस की कोन आपोआप ३० अंशांचा होतो. सागवानाला तेवढा पुरे. १००० नंबरच्या दगडावर पाणी टाकून घास. पाठीवर अंगठा धारेकडे हळूच सरकव. बारीक काचरी, म्हणजे घासून पलीकडे वळलेली पोलादाची कड लागली, तीही या टोकापासून त्या टोकापर्यंत, की थांब. मधेच तुटक लागली तर अजून घासायचंय. ती काचरी चामड्यावर मागे ओढत उतरव, पुढे ढकललंस तर चामडं कापेल.

अंगठ्यावर धार तपासू नकोस. देवदाराच्या तुकड्याचं आडवं तोंड, म्हणजे जिथे लाकडाचे तंतू कापलेले दिसतात ते टोक, तास. चकचकीत निघालं तर जमलं, पांढरट चुरा पडला तर पुन्हा दगडावर.