शेजाऱ्यावर आक्रमण झालं, बाकीच्या देशांनी काय करायचं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

युक्रेनवर लिहायला लागल्यापासून येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ फिरून फिरून दिसतो. लोकांना वाटतं, बाहेरच्या देशांपुढे दोनच वाटा असतात: सैन्य घेऊन उतरायचं, नाहीतर निषेधाचं पत्रक काढून गप्प बसायचं. या दोन टोकांच्या मधेच बहुतेक सगळं घडतं. पैसा गोठवणं, शस्त्रं पुरवणं, व्यापार तोडणं, बळकावलेली जमीन मान्य न करणं, हे सगळं तिथलं. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतो.

रशियाने युद्ध पुकारलं नव्हतं, ‘विशेष लष्करी मोहीम’ म्हटलं होतं. कायद्याने ते आक्रमण ठरतं का? (विद्यार्थी, लातूर)

ठरतं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९७४ साली ठराव ३३१४ मध्ये आक्रमणाची व्याख्या केली, तिच्यात युद्ध पुकारलं की नाही याला महत्त्व नाही.

कुवेतसाठी संयुक्त राष्ट्रसंघ धावला, युक्रेनसाठी नाही. आमच्या ग्रुपवर तर आलं होतं की तिथे मतदानच झालं नाही. (निवृत्त बँक अधिकारी, सांगली)

ग्रुपवर आलेलं साफ खोटं आहे. आक्रमण २४ फेब्रुवारी २०२२ चं. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेत मतदान झालं. १५ पैकी ११ सदस्य ठरावाच्या बाजूने होते, भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले आणि रशियाने नकाराधिकार वापरला, त्यामुळे ठराव पडला. मग विषय आमसभेत गेला. २ मार्चला १४१ देशांनी रशियाला सैन्य मागे घ्यायला सांगितलं, ५ विरोधात होते, ३५ तटस्थ. १६ मार्चला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध २ मतांनी लष्करी कारवाई थांबवण्याचा आदेश दिला. भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी त्या १३ जणांत होते. फॉरवर्ड करण्याआधी यातली एखादी तरी तारीख शोधून पाहायला हवी होती.

कुवेतच्या वेळी, २ ऑगस्ट १९९० ला, आक्रमण झालं त्याच दिवशी परिषदेने ठराव केला, चार दिवसांत व्यापारबंदी घातली आणि नोव्हेंबरअखेर बळाच्या वापराला मुभा दिली. आक्रमण करणाऱ्या इराककडे नकाराधिकार नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता त्यांच्यापैकी कोणी इराकसाठी तो वापरला नाही. फरक एवढाच, पण फार मोठा.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. परिषद अडली म्हणून बाकीच्या देशांचे हात बांधले जात नाहीत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेचं ५१ वं कलम हल्ला झालेल्या देशाला स्वसंरक्षणाचा हक्क देतं आणि तो बजावताना इतरांची मदत घ्यायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

मग शस्त्रं देणारा देश आपोआप युद्धात उतरतो का? (सोलापूर)

नुसती शस्त्रं दिल्याने नाही, असं बहुतेक कायदेपंडितांचं मत आहे.

अमेरिका आणि ब्रिटनने १९९४ साली युक्रेनच्या रक्षणाची हमी दिली होती. ती त्यांनी मोडली, हे खरं ना? (प्राध्यापक, नागपूर)

त्या कागदात तसं लिहिलेलं नाही. ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये युक्रेन, रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी सह्या केल्या. युक्रेनने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडायची आणि बाकी तिघांनी त्याचं स्वातंत्र्य नि सीमा मानायच्या, त्याच्याविरुद्ध बळ वापरायचं नाही, असं ठरलं. सैन्य पाठवून वाचवू, असं कोणी लिहून दिलं नाही. इंग्रजी मसुद्यात ‘गॅरंटी’ (हमी) टाळून ‘ॲश्युरन्स’ (आश्वासन) हा शब्द जाणूनबुजून घातला गेला. युक्रेनियन मसुद्यात मात्र हमी असाच अर्थ निघतो, आणि लोकांच्या मनात तोच राहिला. वचन मोडलं ते रशियाने, आधी २०१४ मध्ये युक्रेनच्या क्रिमियात आणि मग २०२२ मध्ये.

तरीही तुमच्या प्रश्नातली खंत मला पटते. जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा ज्याने सोडला त्याची ही गत झाली, तर उद्या दुसरा कोणता देश सोडायला तयार होईल? वर्गात शिकवणार असाल तर मूळ कागद समोर ठेवा. तो जेमतेम दोन-तीन पानांचा आहे.

निर्बंध घातले, शस्त्रं दिली, तरी युद्ध थांबलं नाही. म्हणजे या सगळ्याचा उपयोग शून्यच ना? (शिक्षिका, धुळे)

नाही. आणि या प्रश्नावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी काळजी हीच आहे. औषध लागू पडलं नाही असं म्हणण्याआधी ते कधी दिलं हे विचारा.

इटलीने ऑक्टोबर १९३५ मध्ये ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, चाल केली. राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रसंघाच्या आधीची संघटना) निर्बंध घातले, पण त्यातून तेल वगळलं. इटलीची जहाजं सैन्य आणि सामान घेऊन सुएझ कालव्यातून जात राहिली, तो कालवाही कोणी बंद केला नाही. मुसोलिनी भडकेल, ही भीती होती. मे १९३६ मध्ये अदिस अबाबा पडलं. ३० जूनला इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी जिनिव्हात येऊन राष्ट्रसंघासमोर बोलले आणि पुढच्याच महिन्यात निर्बंध उठवले गेले. निर्बंध हे हत्यारच कुचकामी असतं, असा धडा अनेकांनी यातून घेतला. मला दिसतं ते वेगळं. ते हत्यार चालवलंच गेलं नव्हतं.

२०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला तेव्हा निर्बंध आले, पण बेताचे. पुढच्याच वर्षी रशियाचा गॅस थेट जर्मनीत आणणाऱ्या दुसऱ्या नॉर्ड स्ट्रीम वाहिनीचा करार झाला. मॉस्कोत याचा अर्थ काय घेतला गेला असेल? आठ वर्षांनी ते दिसलं.

२०२२ मध्ये सुरुवात बरी झाली. रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे परदेशातले सुमारे ३०० अब्ज डॉलर काही दिवसांतच गोठवले गेले, आणि त्याची मॉस्कोला अपेक्षा नव्हती. तेलावर मात्र हात पडायला डिसेंबर उजाडला. युरोपने समुद्रमार्गे येणारं रशियन कच्चं तेल बंद केलं आणि पिंपाला ६० डॉलरची कमाल किंमत लागू झाली ती ५ डिसेंबरला. मधल्या नऊ महिन्यांत तेलाचे भाव चढे होते, रशियाची तिजोरी भरत होती आणि मालकी नीट न कळणारी जुनी तेलवाहू जहाजं गोळा करायला त्याला उसंत मिळाली.

शस्त्रांचंही तेच. रणगाडे द्यायचे की नाही यावर २०२२ चं जवळजवळ सगळं वर्ष गेलं. जर्मनीने आपल्या बनावटीच्या लेपर्ड रणगाड्यांना होकार दिला २५ जानेवारी २०२३ ला. त्या हिवाळ्यात रशियन सैन्य दक्षिण युक्रेनमधल्या झापोरिझ्झिया भागात खंदक खणत होतं, सुरुंग पेरत होतं. जूनमध्ये युक्रेनची चढाई त्याच सुरुंगांत अडकली. एफ-१६ लढाऊ विमानं युक्रेनच्या आकाशात दिसली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. अमेरिकेच्या मदतीचा प्रस्ताव ऑक्टोबर २०२३ मध्ये आला आणि त्यावर सही झाली २४ एप्रिल २०२४ ला. त्या सहा महिन्यांत युक्रेनच्या तोफांना गोळे पुरत नव्हते आणि फेब्रुवारीत आवदिव्का शहर हातचं गेलं.

यातली प्रत्येक गोष्ट शेवटी दिली गेलीच. देणाऱ्यांचा पैसाही वाचला नाही. गेली ती माणसं आणि गावं.

अण्वस्त्रांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. दोन अण्वस्त्रधारी देशांचं सैन्य समोरासमोर येऊ नये, ही सावधगिरी योग्यच होती. पण सावधपणे ठरवणं वेगळं आणि ठरवायलाच टाळाटाळ करणं वेगळं. आज ज्याला ‘फार चिथावणीखोर’ म्हणून नकार दिला तेच दहा महिन्यांनी पाठवलं, तर ती सावधगिरी कुठली? कोणतं शस्त्र कुठल्या आघाडीवर किती उपयोगी पडलं असतं, हे मात्र सेनाधिकाऱ्यांना विचारा. तो माझा विषय नाही.

गोठवलेले ३०० अब्ज युक्रेनला देऊन का टाकत नाहीत? (सीए, ठाणे)

एका देशाच्या मध्यवर्ती बँकेची मालमत्ता दुसऱ्या देशाने जप्त करण्याला कायद्याने मोठा अडथळा आहे. त्यामुळे २०२४ मध्ये जी-७ या सात श्रीमंत देशांच्या गटाने मूळ रकमेला हात न लावता तिच्या उत्पन्नाच्या आधारावर ५० अब्ज डॉलरचं कर्ज उभं केलं. कुवेतच्या वेळी सुरक्षा परिषदेने भरपाई आयोग नेमला, इराकच्या तेलाच्या पैशातून ५२.४ अब्ज डॉलर वाटले आणि शेवटचा हप्ता २०२२ मध्ये फिटला. तिथून जीव मुठीत धरून परतलेल्या भारतीय कामगारांनाही त्यातून भरपाई मिळाली. इथे परिषदेची वाट बंद आहे.

१९६१ मध्ये गोव्यात भारतानेही सैन्य घातलं. मग आपण कोणत्या तोंडाने बोलायचं? (म्हापसा)

प्रश्न रास्त आहे. त्या वेळी सैन्य मागे घ्या म्हणणाऱ्या ठरावाला परिषदेत ७ मतं मिळाली आणि सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो पडला. बळाच्या वापरावर तेव्हा टीका झाली, ती लपवायचं कारण नाही. पण दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नका. गोवा ही वसाहत होती. पोर्तुगाल तिला आपला प्रांत म्हणत होता, आणि आमसभेने डिसेंबर १९६० मध्येच ते म्हणणं अमान्य करून गोव्याची गणना स्वशासन नसलेल्या प्रदेशांत केली होती. सैन्य घालण्याआधी चौदा वर्षं बोलणी, विनवण्या आणि सत्याग्रह झाले. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांत महाराष्ट्रातून गेलेलेही होते. युक्रेन हा स्वतंत्र देश आहे आणि त्याच्या सीमा रशियाने १९९७ च्या मैत्री करारात स्वतः मान्य केल्या होत्या.

थोडी जमीन देऊन शांतता मिळत असेल तर काय वाईट? (नाशिक)

तोफा थांबवणं आणि बळकावलेली जमीन त्याची म्हणून मान्य करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कधी करायची हे युक्रेनने ठरवावं, कारण मरणारे लोक त्याचे आहेत. दुसरी बाहेरच्या देशांनी करू नये. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया सोव्हिएत संघात सामील करून घेतले गेले ते अमेरिकेने पन्नासहून जास्त वर्षं मान्य केलं नाही. १९९१ मध्ये ते देश परत उभे राहिले तेव्हा तो नकार उपयोगी पडला.

आम्ही बेअरिंग बनवतो. दुबईचा एक सल्लागार म्हणतो, माल तिथे उतरवू, कागद बदलू आणि रशियाला पाठवू. भारताचे निर्बंध नाहीत, त्यामुळे धोका शून्य. (लघुउद्योजक, चाकण)

सही करू नका. धोका शून्य सांगणारा कमिशन घेऊन मोकळा होईल, निर्बंधांच्या यादीत नाव तुमच्या कारखान्याचं लागेल. भारत फक्त सुरक्षा परिषदेचे निर्बंध पाळतो हे खरं आहे. पण रशियन शस्त्रांत लागणाऱ्या ५० वस्तूंच्या यादीवर अमेरिका, युरोपीय संघ, ब्रिटन आणि जपान नजर ठेवून आहेत आणि बॉल बेअरिंग त्या यादीत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेने डझनाहून जास्त भारतीय कंपन्यांवर निर्बंध घातले. नाव आलं की डॉलरमधले व्यवहार थांबतात आणि युरोपचं गिऱ्हाईक तुटतं. शिवाय कागद बदलणं हा भारतातही गुन्हा आहे. आधी तुमच्या बँकेच्या परकीय चलन विभागाला भेटा, मग निर्बंधांचं काम करणाऱ्या वकिलाला. या दोघांशी बोलल्याशिवाय नमुनासुद्धा पाठवू नका.

भारताचं तटस्थ राहणं म्हणजे रशियाला पाठिंबा का? (पुणे)

नाही. पण आमसभेत त्या १४१ देशांच्या रांगेत भारत असता तर मला आनंद झाला असता.

भाच्याला एजंटने रशियात ‘सैन्यात मदतनीस’ म्हणून नोकरी दाखवली आहे. पगार दोन लाख, लढावं लागणार नाही म्हणतो. (बीड)

पाठवू नका. असंच सांगून नेलेली भारतीय मुलं आघाडीवर गेली, काही मेली. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने अशा एजंटांवर गुन्हा नोंदवला. एजंटचा नोंदणी क्रमांक मागा, परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात विचारा. पासपोर्ट एजंटच्या हातात देऊ नका. रशियन भाषेतल्या कागदावर भाषांतर वाचल्याशिवाय सही नको. पैसे दिले असतील तर पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा आणि पोलिसांत जा. भाचा आधीच निघून गेला असेल तर त्याचं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि शेवटचा ठावठिकाणा मॉस्कोतल्या भारतीय दूतावासाला आजच कळवा.