पुलांचं दुखणं ओळखायचं, तर सिव्हिल की कॉम्प्युटर?

कऱ्हाडच्या एका वडिलांनी लिहिलंय : बारावीतल्या मुलीने वाचलं, की पुलावरून जाणाऱ्या गाडीतल्या सेन्सरवरून पुलातला बिघाड ओळखता येतो. आता तिला हेच करायचंय. मामा म्हणतात, "कॉम्प्युटर घे, सिव्हिलला पगार नाही."

नमस्कार. माझं मत सिव्हिलला.

ही कल्पना तैवानच्या प्रा. यांग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडली. गाडी जाताना पूल थरथरतो आणि ती थरथर गाडीतल्या अ‍ॅक्सेलरोमीटरमध्ये, म्हणजे हादरे मोजणाऱ्या सेन्सरमध्ये, उतरते. बिघाडामुळे पुलाचा ताठपणा कमी झाला की त्याची वारंवारिता, म्हणजे सेकंदाला तो किती वेळा थरथरतो तो आकडा, घसरते. २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर गाड्यांमधल्या साध्या मोबाइलवरून अशा वारंवारिता शोधून दाखवल्या. मात्र तिथे सापडल्या त्या वारंवारिता, बिघाड नव्हे. बातम्यांत हा फरक हमखास गळतो.

खरी गोम पुढेच आहे. गाडी पुलावर असते जेमतेम काही सेकंद. त्यात रस्त्याचे खड्डे आणि गाडीच्या स्वतःच्या स्प्रिंगा सिग्नलमध्ये मिसळतात. शिवाय हवामान! स्वित्झर्लंडच्या झेड-२४ पुलावर १९९८ मध्ये तो पाडण्याआधी जवळपास वर्षभर मोजमाप चाललं होतं. कडाक्याच्या थंडीत डांबर ताठ झालं आणि वारंवारिता चढली. नुसते आकडे बघणाऱ्याला वाटेल, पूल बरा झाला! डांबराचा संशय यायला स्ट्रक्चर कळावं लागतं. पायथनसारखी प्रोग्रॅमिंगची भाषा नंतरही शिकता येईल. स्ट्रक्चरल डायनॅमिक्स, म्हणजे बांधकामं कशी थरथरतात याचं शास्त्र, नोकरी सांभाळून शिकणारे मी फार पाहिले नाहीत.

तेव्हा सीईटीनंतर सिव्हिल, जमल्यास सोबत डेटा सायन्सचा मायनर (जोडविषय), मग गेट देऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. संशोधनच करायचं ठरलं, तर चेन्नईची सीएसआयआर-एसईआरसी ही स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगची सरकारी संशोधन संस्था ध्यानात ठेवा.

मामांचंही अगदीच खोटं नाही. सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा बहुधा कमीच, आणि फक्त याच कामाची जाहिरात आपल्याकडे क्वचितच दिसेल. पोट चालेल ते पुलांचं डिझाइन, स्ट्रक्चरल ऑडिट किंवा एमपीएससीतून बांधकाम खातं यांवर.

प्रवेशाआधी एक करा. मोबाइलवर फायफॉक्स हे फुकटचं अ‍ॅप घ्या. स्टेशनच्या लोखंडी पादचारी पुलावर, गर्दी नसताना, मध्यभागी फोन ठेवून ती थरथर नोंदवायला सांगा. मग तेच पुलावरून जाणाऱ्या एसटीत. तिथे आलेखात आधी इंजिनच दिसेल, पूल नाही. तो गुंता सोडवायला ती रात्री बसली, तर फॉर्म सिव्हिलचा भरा. कंटाळली, तर मामांना फोन लावा.