सॉलिसिटर चांगला आहे, पण बँकेच्या पॅनलवर नाही!

या अंकासाठी आलेली तीनही पत्रं इंग्लंडातली आहेत आणि फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, घराच्या कर्जासाठी बँकांनी ठेवलेली सॉलिसिटरांची, म्हणजे तिथल्या वकिलांची, पॅनलं. पॅनल म्हणजे त्या बँकेला मान्य असलेल्या फर्म्सची यादी. म्हणून एकत्रच घेतेय.

ताई, स्लाऊमध्ये घर घेतोय. मित्राच्या ओळखीतला सॉलिसिटर धरला, पासपोर्टच्या कॉप्या दिल्या, सर्चेसचे, म्हणजे जागेबद्दलच्या चौकशांचे, पैसेपण भरले आणि आता ब्रोकर म्हणतो की ही फर्म आपल्या बँकेच्या पॅनलवरच नाहीये. अहो, त्याच्याकडे रीतसर लायसन्स आहे, मग ही बँकेची दादागिरी कशासाठी?

चिडणं साहजिक आहे, पण दादागिरीच आहे असं नाही म्हणणार मी. आपल्याकडे होमलोन घेताना बँकेचा पॅनल वकील टायटल (मालकी हक्क) सर्च करतो, तो बँकेचा माणूस असतो आणि फी मात्र आपल्या खिशातून जाते, हे तुम्हाला माहीतच असेल. इंग्लंड-वेल्समध्ये जरा वेगळं आहे. राहत्या घराच्या साध्या मॉर्गेजला (गृहकर्जाला) बहुतेक वेळा एकच फर्म दोघांची वकील असते, तुमचीही आणि बँकेचीही. टायटल चोख आहे असं सर्टिफिकेट ती बँकेला देते, त्यावर बँक कर्जाची सगळी रक्कम फर्मच्या क्लायंट अकाउंटला टाकते आणि तिथून ती विकणाऱ्याकडे जाते. म्हणजे मधले काही तास लाखो पाउंड एका छोट्या ऑफिसच्या भरवशावर असतात, मग बँक आपली माणसं निवडून घेणारच ना.

यात काय बिघडू शकतं त्याचं उदाहरण म्हणजे एआयबी ही बँक विरुद्ध मार्क रेडलर ही सॉलिसिटर फर्म, ही २०१४ ची ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाची केस. कर्ज होतं ३३ लाख पाउंडांचं, आणि त्यातून बार्कलेजचं आधीचं कर्ज फेडून टाकायचं होतं. बार्कलेजची खाती होती दोन, फर्मने पैसे भरले एकाच खात्याचे, साधारण ३ लाख ९ हजार पाउंड तसेच राहिले आणि नव्या बँकेला, म्हणजे एआयबीला, घरावर पहिला बोजा (वसुलीचा पहिला हक्क) मिळायचा तो मिळालाच नाही. पुढे कर्ज बुडालं, बँकेने फर्मकडून जवळपास सगळंच नुकसान मागितलं. कोर्टाने तेवढं दिलं नाही, फर्मच्या चुकीमुळे जेवढं गेलं तेवढंच, म्हणजे पावणेतीन लाखांच्या आसपास. चूक काय, तर फेडायच्या रकमेचा आकडा नीट तपासला नाही, बस.

आता तुमचं काय. पॅनलवरची दुसरी फर्म घेतलीत तर पहिल्याला झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतील, पण सर्चेस बहुधा नव्या फर्मला वापरता येतील, फक्त कम्प्लीशनच्या, म्हणजे व्यवहार पुरा होऊन किल्ल्या मिळायच्या, दिवशी ते ६ महिन्यांपेक्षा जुने नकोत. फर्म तीच ठेवायची असेल तर बँक स्वतःचा वेगळा वकील नेमेल का ते विचारा, काही बँका नेमतात, पण त्याची फीसुद्धा तुमच्याच माथी आणि प्रत्येक कागद दोनदा तपासला जाणार म्हणजे उशीर आलाच. तिसरा मार्ग बँकच बदलायची. अजून एक्स्चेंज, म्हणजे दोन्ही बाजूंना बांधणारा करार, झालेलं नाही असं तुमच्या पत्रावरून दिसतंय, त्यामुळे वेळ गेलेली नाही. मी तुमच्या जागी असते तर फर्म बदलली असती. मित्राची ओळख वगैरे ठीक आहे हो, पण मैत्रीपायी दोन वकिलांची फी कशाला भरायची!

मॅडम, मी आणि माझी मैत्रीण दोघी सॉलिसिटर, लेस्टरला स्वतःची फर्म काढतोय. पॅनलवर जायला अर्ज नक्की कुठे करायचा? आणि एकदा गेलो की सुटलो ना?

अभिनंदन गं दोघींचं! पण सुटलो वगैरे काही नसतं.

पहिली गोष्ट, एकच असं पॅनल नाही. प्रत्येक लेंडरचं (कर्ज देणाऱ्या बँकेचं) आपलं वेगळं, कोणी स्वतः सांभाळतं, कोणी बाहेरच्या कंपनीला दिलेलं असतं, आणि बऱ्याच मोठ्या बँका फर्मची माहिती लेंडर एक्स्चेंज नावाच्या पोर्टलवरून घेतात. कोणाला काय हवं ते यूके फायनान्स या बँकांच्या संघटनेच्या मॉर्गेज लेंडर्स हँडबुकमध्ये सापडतं. त्याचा पहिला भाग सगळ्यांना सारखा, दुसऱ्या भागात ज्याचे त्याचे नियम, आणि हे सगळं ऑनलाइन फुकट आहे तरी लोक उघडून बघत नाहीत.

दुसरं म्हणजे लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संघटनेचं सीक्यूएस. ही कन्व्हेयन्सिंगच्या, म्हणजे घरखरेदीच्या कायदेशीर कामाच्या, दर्जाची मान्यता, २०११ पासून चालू आहे आणि आज बहुतेक मोठ्या लेंडर्सना ती लागतेच. (लायसन्स्ड कन्व्हेयन्सरच्या फर्म्सचा रेग्युलेटर वेगळा, त्यांना हे लागू नाही.) त्यासाठी फर्ममध्ये एक जबाबदार सीनियर व्यक्ती नेमावी लागते, स्टाफचं ट्रेनिंग करावं लागतं, मनी लाँडरिंग आणि फ्रॉडच्या पॉलिसी नुसत्या फाइलला लावून भागत नाही, त्या रोजच्या कामात दिसाव्या लागतात. कामातल्या चुकांच्या भरपाईचा इन्शुरन्स तर हवाच, एसआरए या सॉलिसिटरांच्या रेग्युलेटरची किमान मर्यादा पार्टनरशिपला २० लाख पाउंड आणि कंपनी किंवा एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या पार्टनरशिपला) ३० लाख. शिवाय जुने क्लेम, रेग्युलेटरकडच्या तक्रारी, पार्टनर कोण कोण, सगळं विचारतात. एकटीच्या फर्मला अनेक लेंडर घेत नाहीत, तुम्ही दोघी आहात ते बरंच आहे.

नव्या फर्मची खरी पंचाईत पुढेच आहे. काही लेंडर विचारतात वर्षाला किती केसेस करता, आणि पॅनलशिवाय केसेस येणार कुठून? म्हणून सगळीकडे एकदम अर्ज टाकत बसू नका, लेस्टरमधले ब्रोकर कोणत्या चार-पाच बँकांची कर्जं जास्त करतात ते त्यांनाच विचारा आणि तिथून सुरुवात करा. आणि जिथे अजून नाही आहात तिथे क्लायंटला पहिल्याच फोनवर सांगा, तो मघाशी स्लाऊवाल्यांना बसला तसा धक्का कोणाला बसू नये.

टिकण्याचं म्हणाल तर सीक्यूएस वेळच्या वेळी रिन्यू, इन्शुरन्स संपायच्या आत नवा, पार्टनर आला-गेला किंवा पत्ता बदलला तर कळवायचं. केसेस फार कमी झाल्या की नाव काढणारे लेंडरही आहेत. पण मला विचाराल तर खरी परीक्षा कम्प्लीशननंतर असते, किल्ल्या मिळाल्या की क्लायंट खूश आणि फाइल पडते कपाटात. स्टॅम्प ड्यूटीचं रिटर्न १४ दिवसांत जायला पाहिजे, आणि लँड रजिस्ट्रीच्या सर्चने मिळालेलं संरक्षण (मधे दुसऱ्या कोणाची नोंद आधी लागू नये म्हणून) ३० वर्किंग डेजचं असतं, त्याच्या आत बँकेचा बोजा नोंदवायचा अर्ज गेलाच पाहिजे. हे काम रेंगाळणाऱ्या फर्मवर लेंडरचा विश्वास राहत नाही.

आणि सगळं चोख करूनही बँक कधी पॅनलच छाटून टाकते! २०१२ च्या जानेवारीत एचएसबीसीने इंग्लंड-वेल्ससाठी फक्त ४३ फर्म्स ठेवल्या, बाकीच्यांचा काही दोष नसताना. बराच आरडाओरडा झाला, मग सीक्यूएसवाल्यांना दार उघडलं. त्यामुळे एकाच बँकेच्या कामावर ऑफिसचं भाडं अवलंबून ठेवू नका.

नमस्कार. डिपॉझिटसाठी बाबांनी नाशिकचा प्लॉट विकून पैसे पाठवलेत. सॉलिसिटर म्हणतो हे बँकेला कळवावं लागेल. तो माझा वकील आहे की बँकेचा?

दोघांचा, आणि म्हणूनच विचारतोय. पैसे गिफ्ट म्हणून आलेत आणि मॉर्गेजच्या अर्जात तसं लिहिलेलं नसेल, तर ते बँकेला कळवणं त्याचं काम आहे. मात्र तुमची माहिती गोपनीय असते, तुमच्या परवानगीशिवाय तो सांगू शकत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर त्याला बँकेचं काम सोडावं लागेल, आणि मग तुमचं कर्ज अडकेल. लपवण्यासारखं तर काही नाहीये ना, मग हो म्हणून मोकळे व्हा.

बाबांकडून एक पत्र लागेल, की ही भेट आहे, परत नको आणि घरात माझा हिस्सा नाही. सोबत प्लॉटचं खरेदीखत, ते पैसे बाबांच्या खात्यात आल्याचं स्टेटमेंट आणि तिथून इकडे पाठवल्याची बँकेची पावती. खरेदीखत मराठीत असणार, तर भाषांतर कोणाकडून केलेलं चालेल ते सॉलिसिटरला आधी विचारा. भारतातून एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच पाठवता येतात, रक्कम मोठी असेल तर आईचाही हिशोब वेगळा धरता येतो, पण मग पत्र दोघांचं लागेल.