४एच ची लाईट लागते पण पुढची चाकं ओढत नाहीत: ट्रान्सफर केस उघडायच्या आधी हे बघा

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि दोन वेळा परत वाचली. सेकंडहँड डिझेल पिकअप, ४एच (चारही चाकांना ताकद देणारा फोरव्हील मोड) टाकलं की डॅशवर लाईट येते, पण चिखलात मागचीच चाकं गरगर फिरतात, आणि मेकॅनिक म्हणतोय ट्रान्सफर केसची (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) शिफ्ट करणारी मोटर बदला. सेम टू सेम माझी केस. माझं शेत सोलापूरजवळ मंद्रूपच्या पुढे आहे, आपल्याकडची काळी माती पहिल्या पावसानंतर कशी असते ते वेगळं सांगायला नको, टायरला चिकटून चिकटून चाक दुप्पट जाड होतं. मोटरीचे पैसे अजून दिले नसतील तर थांबा.

पहिली गोष्ट, ती लाईट ट्रान्सफर केसमध्ये शिफ्ट झालं की लागते. पुढच्या चाकांचे हब (शाफ्टला चाकाशी जोडणारा मधला भाग) लॉक झाले की नाही हे बऱ्याच गाड्यांत तिला कळतच नाही. म्हणजे लाईट नीट लागत असेल तर मोटरने तिचं काम केलेलं असण्याची शक्यताच जास्त. मला हे कुणीतरी तेव्हा सांगायला पाहिजे होतं.

टूव्हीलमध्ये चालवताना पुढचा हाफ शाफ्ट (डिफ्रन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) चाकापासून सुटा असतो, म्हणून पुढचा डिफ्रन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारे गिअर) आणि प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून डिफ्रन्शियलपर्यंतचा दांडा) उगाच फिरत नाहीत. ४एच केलं की नळीतून व्हॅक्यूम (हवेची ओढ) नकलमधून (स्टीअरिंगबरोबर वळणारा, हब धरणारा भाग) हबच्या आत जातो, आतला डायफ्रॅम (रबरी पडदा) ओढला जातो, दात्यांची रिंग सरकते आणि शाफ्ट चाकाला जोडला जातो. काही गाड्यांत व्हॅक्यूम सतत धरून ठेवावा लागतो. फोर्ड सुपर ड्युटीच्या जुन्या ट्रकमध्ये थोडा वेळच द्यायचे, जोराचा दिला की लॉक, हलका दिला की अनलॉक. डिझेल इंजिन पेट्रोलसारखा स्वतःहून व्हॅक्यूम तयार करत नाही, त्यासाठी वेगळा पंप असतो, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या मागेच. ब्रेक बूस्टरही त्याच पंपावर. म्हणून आधी इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक झालं की पाय तसाच ठेवून स्टार्ट मारा. पेडल थोडं खाली गेलं तर पंप जिवंत आहे. नाही गेलं तर हब सोडा, आधी ब्रेकचं बघा.

आता माझं काय झालं ते. डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग आवाज करत होतं म्हणून एका मोठ्या वर्कशॉपला गाडी दिली (नाव नाही घेत). त्यांनी बेअरिंग बदललं, सील जुनंच परत ठोकलं, आणि हबच्या आत ग्रीस असं भरलं जसं पुरणपोळीत पुरण. व्हॅक्यूम हबला आत फक्त हलका हात लागतो ग्रीसचा, जास्त झालं की वाटच बुजते. पुढच्या पावसाळ्यात फोरव्हील लागेना. परत त्याच वर्कशॉपला नेली, तर माझ्यासमोर लाईट लागत असताना त्यांनी ट्रान्सफर केस खाली उतरवली. मी विचारलं, ओ, हब चेक केले का? म्हणाले, कॉम्प्युटर लावलाय, आम्हाला शिकवू नका. मोटर मागवायला तीन आठवडे, बिल ३८ हजार, आणि डिलिव्हरी घेऊन थेट शेतावर गेलो तर पहिल्याच बांधाला गाडी बसली. ट्रॅक्टर लावून काढली. अजूनही ते बिल ठेवलंय मी, पैशापेक्षा तो माज जास्त लागला. विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर दिलं असतं तर पाच मिनिटांत निघालं असतं.

शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका म्हाताऱ्या फिटरने शोधलं. त्याने इंजिन चालू ठेवून ४एच टाकायला लावलं, आणि डाव्या हबकडे जाणारी नळी फडकं गुंडाळून चिमट्याने दाबली. दोन-तीन सेकंद काही नाही, आणि मग उजव्या चाकातून ‘टक्’. बस. दोन्ही हबला एकाच टी (दोन फाटे करणारा जोड) मधून नळी जाते, त्यामुळे डावीकडे गळती असली की उजव्यालाही व्हॅक्यूम पुरत नाही. आणि डिफ्रन्शियल लॉकिंगवाला नसेल तर एक हब सुटा राहिला तरी सगळी ताकद त्या मोकळ्या शाफ्टकडे जाते, म्हणजे पुढची दोन्ही चाकं बेकार. डावा हब उघडला तर ग्रीस चहाच्या रंगाचं, फाटलेल्या सीलमधून चिखलाचं पाणी आत ओढलं गेलं होतं. सील, ओ-रिंग, साफसफाई आणि फूटभर नवीन नळी, एवढ्यावर गाडी बरी झाली.

तर तुम्हीही तशीच नळी चिमट्याने दाबून बघा. शिवाय हेही करा. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकवर घ्या (खाली स्टँड लावल्याशिवाय हात घालू नका, हे हात जोडून सांगतो), चाक हाताने फिरवा आणि हाफ शाफ्ट बरोबर फिरतो का बघा. टूव्हीलमध्ये शाफ्ट फिरायला नको, ४एच मध्ये शाफ्ट सोडून चाक एकटं मोकळं फिरायला नको. तुमच्या हबवर ऑटो आणि लॉक असा डायल असेल तर अजून सोपं, दोन्हीकडे हाताने लॉक करून चिखलात बघा, गाडी ओढली तर दोष फक्त व्हॅक्यूमच्या बाजूचा. नळ्या हाताने वाकवून बघा, आपल्या उन्हात रबर तडकतं, आणि गोठ्याजवळ गाडी लावत असाल तर उंदीर.

मी मेकॅनिक नाही, गाडीगाडीत फरक असतो, काहींत हबच्या जागी अ‍ॅक्सलमध्येच व्हॅक्यूमवर चालणारा जोड असतो, तेव्हा तुमची कुठली ते आधी बघून घ्या. वॉशिंगवाल्याला नकलच्या सीलवर प्रेशर मारू देऊ नका. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन किलोमीटर ४एच चालवा, डांबरावर नको. आणि शेतासाठीच गाडी असेल तर माझं स्पष्ट मत, मॅन्युअल हब बसवा, पेरणीच्या दिवसांत घरूनच लॉक करून निघायचं, व्हॅक्यूमची नळी मात्र नीट बंद करून टाका.

आज त्या मेकॅनिकला फोन करून मोटर थांबवायला सांगा. चिमटा लावून बघितलं की कुठल्या बाजूला ‘टक्’ आला ते इथेच लिहा, आणि हबचा फोटो टाका.